जखमेची शुश्रूषा आणि रक्ताभिसरणाचा शॉक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि बेळगाव तालुक्यातल्या घरांतून, आशाताईंकडून आणि नर्सिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलींकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जखम आणि शॉक हे विषय एकत्र का, असंही काहीजण विचारतात. जखम भरायला तिथवर रक्त पोहोचावं लागतं, आणि शॉकमध्ये नेमकं तेच पोहोचणं बंद पडतं. म्हणून दोन्हीकडे शिकायची गोष्ट एकच आहे: नुसत्या जखमेकडे बघू नका, माणसाकडे बघा.

आत्ता या क्षणी कुणाचं रक्त वाहत असेल तर वाचत बसू नका. 108 लावा आणि थेट प्रश्न 13 वर जा.

1. फडात कोयता लागला, पत्रा कापला, पडून खरचटलं. पहिल्यांदा काय करायचं?

रक्ताची धार लागली असेल तर आधी दाबायचं (प्रश्न 13). नसेल तर आपले हात साबणाने धुवा आणि जखम वाहत्या पाण्याखाली धरा. पिण्याचं नळाचं पाणी चालतं. विहिरीचं, बोअरचं किंवा कालव्याचं असेल तर उकळून गार केलेलं घ्या. माती, पाचटाचा कचरा अडकला असेल तर पाच-दहा मिनिटं धार सोडत राहा. घाण आणि जंतू पाण्याबरोबर निघून जाणं हे कुठल्याही मलमापेक्षा मोठं काम आहे. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा पाणी न मिसळलेलं जंतुनाशक जखमेत ओतू नका. त्याने जंतूंबरोबर भरून येणाऱ्या नव्या पेशीही मरतात.

मग स्वच्छ कापड किंवा गॉज ठेवून पट्टी बांधा. जखमेच्या कडा उघड्या राहत असतील, आतली पिवळी चरबी किंवा पांढरी शीर दिसत असेल, बोट वाकत नसेल, पुढचा भाग बधिर झाला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच. टाके जितक्या लवकर तितके बरे. ‘सकाळी बघू’ म्हणून रात्र काढली की जंतू वाढतात, आणि मग डॉक्टर जखम लगेच शिवू शकत नाहीत.

2. हळद, कॉफीची पूड, एकदांडीचा पाला, तंबाखू, चुना यांतलं काय लावलं तर चालेल?

उघड्या जखमेत यांतलं काहीही नको. हळदीत औषधी गुण असतील, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. तिचे कण जखमेत रुततात आणि दवाखान्यात ते खरवडून काढावे लागतात. त्यात रोग्याला होणारा त्रास मूळ जखमेपेक्षा जास्त असतो. शेताच्या बांधावरून तोडलेल्या पाल्याबरोबर माती येते आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. चुन्याने कातडी जळते. शेणाची राख तर कधीच नको.

तंबाखूबद्दल निपाणी भागातून खास विचारणा होते. ती जखमेवर लावणं वाईट आहेच, पण खाणं आणि ओढणंही जखमेच्या मुळावर येतं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेपर्यंत रक्त कमी पोहोचतं. ऑपरेशन ठरलं असेल तर निदान चार आठवडे आधीपासून आणि जखम पूर्ण भरेपर्यंत बिडी, सिगारेट, तंबाखू बंद ठेवा.

3. जखम भरते म्हणजे आत नेमकं काय होतं? किती दिवस लागतात?

पहिल्या काही मिनिटांत रक्त गोठतं. नंतरचे चार-सहा दिवस जखम थोडी लाल, गरम आणि सुजलेली राहते, कारण शरीराच्या संरक्षक पेशी तिथे साफसफाई करत असतात. ही सूज बघून लोक घाबरतात, पण इतपत सूज हवीच. साधारण चौथ्या दिवसापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत नवं मांस भरतं. ते लालभडक, दाणेदार आणि ओलसर दिसतं, धक्का लागला की चटकन रक्त येतं. हे चांगलं लक्षण आहे, त्याला खरवडू नका. त्यानंतर व्रण घट्ट होत जातो आणि हे काम वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतं.

तिसऱ्या आठवड्यात वरून जखम मिटलेली दिसली तरी तिथली ताकद मूळ कातडीच्या पाचव्या हिश्शाएवढीच असते. पुढेही ती साधारण 80 टक्क्यांवर जात नाही. त्यामुळे पोटाच्या ऑपरेशननंतर महिन्याभरात उसाची मोळी उचलायची का, या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच आहे, वरची कातडी कितीही छान दिसली तरी.

4. पट्टी रोज बदलायची का? उघडी ठेवली तर वारा लागून लवकर वाळेल ना?

वाळलेली जखम म्हणजे भरलेली जखम नव्हे. नव्या पेशी ओलसर पृष्ठभागावरून सरकत पुढे जातात. वर कडक खपली धरली की त्यांना खालून वाट काढावी लागते आणि वेळ जातो. म्हणून जखम झाकलेली आणि किंचित ओलसर हवी, पण चिंब नको. भोवतालची कातडी पांढरी, सुरकुतलेली दिसायला लागली तर ओल जास्त झाली समजा.

पट्टी किती दिवसांनी बदलायची हे पट्टीच्या जातीवर आणि स्रावावर अवलंबून आहे. टाके घातलेल्या स्वच्छ जखमेची पहिली पट्टी साधारण 48 तास तशीच ठेवतात. भिजली, मळली किंवा सुटली तर मात्र लगेच बदला. गॉज चिकटलं असेल तर ओढून काढू नका. सलाइन किंवा उकळून गार केलेलं पाणी टाकून भिजू द्या, आपोआप सुटतं. स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक पावडर भुरभुरू नका. तिचे गोळे होतात आणि खाली पू साठला तरी दिसत नाही.

5. टाके कधी काढतात? तोपर्यंत आंघोळ?

चेहऱ्याचे साधारण 4-5 दिवसांत, डोक्याचे आणि पोटा-छातीचे 7 ते 10 दिवसांत, हातापायांचे 10 ते 14 दिवसांत, सांध्यावरचे 14 दिवसांनी. मधुमेही किंवा स्टेरॉइड घेणाऱ्यांचे डॉक्टर आणखी उशिरा काढतात. दोन दिवसांनंतर डॉक्टरांनी परवानगी दिली तर तांब्याने पाणी घेऊन आंघोळ चालते, जखम चोळायची नाही, टिपून कोरडी करायची. नदीत, विहिरीत, तळ्यात उतरणं मात्र टाके निघून जखम पूर्ण मिटेपर्यंत नाही.

6. धनुर्वाताचं इंजेक्शन प्रत्येक जखमेला घ्यावंच लागतं का?

नाही. लहानपणी निदान तीन डोस पूर्ण झाले असतील तर स्वच्छ, छोट्या जखमेला शेवटच्या डोसनंतर 10 वर्षं उलटली असतील तरच लागतं. माती, शेण, गंज लागलेली किंवा खोल जखम असेल तर ही मुदत 5 वर्षांची. डोस कधी घेतले ते आठवतच नसेल आणि जखम घाणेरडी असेल, तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) हे वेगळं इंजेक्शनही लागतं. ते डॉक्टरांकडे आठवणीने मागा, कारण लशीचा परिणाम सुरू व्हायला वेळ लागतो. एक दिवस उलटला म्हणून इंजेक्शन टाळू नका, उशिरा घेतलेलंही उपयोगाचं असतं. आता टीटीच्या जागी टीडी लस मिळते. तिच्यात घटसर्पाचाही बचाव असतो.

7. जखमेला पथ्य काय? आमच्याकडे डाळ, अंडी, भात, वांगी बंद करतात. पू धरतो म्हणतात.

या प्रश्नावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण घरातल्या प्रेमाच्या माणसांनीच सांगितलेल्या या पथ्यामुळे कितीतरी जखमा महिनोन्महिने रेंगाळतात.

पू जंतूंमुळे होतो, डाळीमुळे नाही. नवं मांस तयार व्हायला प्रथिनं लागतात आणि ती अंडी, डाळ, मासे, मटण, दूध, दही, मटकी, हरभरा, शेंगदाणे यांतून मिळतात. नेमकं हेच बंद करून आठवडाभर पेज आणि लिंबाचं लोणचं दिलं, तर शरीर स्वतःच्याच स्नायूंतून प्रथिनं काढतं. रोगी सुकत जातो आणि जखमही भरत नाही. मोठी जखम असलेल्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. 60 किलोच्या माणसाला 75 ते 90 ग्रॅम झाली. एका अंड्यात जेमतेम 6 ग्रॅम असतात, यावरून अंदाज येईल की दोन घास भाकरी आणि चहावर काही होणार नाही.

शाकाहारी घरात जोंधळ्याच्या भाकरीबरोबर घट्ट डाळ, मोडाची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दही असं दर जेवणात काहीतरी हवं. क जीवनसत्त्वासाठी पेरू, आवळा, लिंबू. आंबट खाल्ल्याने जखम चिघळत नाही, उलट क जीवनसत्त्व कमी पडलं तर नवं मांस पक्कं होत नाही. अपवाद दोन: किडनीचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टर ठरवतील, आणि मधुमेहात साखर-गुळाच्या खिरी देऊन ‘ताकद’ आणायची नाही.

8. जखम चिघळली हे घरी कसं ओळखायचं?

तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर दुखणं कमी व्हायला हवं. ते वाढत असेल तर काहीतरी बिघडलं आहे. लाली पसरत असेल तर पेनाने तिच्या कडेने रेघ मारून ठेवा. काही तासांत लाली रेघेबाहेर गेली तर थांबू नका. घट्ट, वास येणारा पू, जखमेपासून वर चढणारी लाल रेघ, ताप, जांघेत किंवा काखेत गाठ ही आणखी लक्षणं. पातळ, पिवळसर पाणी म्हणजे पू नव्हे, सुरुवातीच्या दिवसांत ते येतंच.

एक धोका वेगळा सांगते. जखम बाहेरून किरकोळ दिसते, पण रोगी वेदनेने तळमळतो, कातडी जांभळट-काळपट होते, दाबलं की आत हवा असल्यासारखं कुरकुरतं. हा संसर्ग खोलवर, तासातासाला पसरतो आणि त्याला तातडीने ऑपरेशन लागतं. अशा वेळी गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन घरी परतू नका. ताप आणि बडबड सुरू झाली असेल तर प्रश्न 17 वाचा.

9. वडिलांना शुगर आहे. पायाची जखम दोन महिने झाली भरत नाही, पण दुखत नाही म्हणतात.

दुखत नाही हीच काळजीची गोष्ट आहे. जास्त साखरेने पायाच्या नसा मंद होतात. खडा टोचतो, चप्पल घासते, गरम पाण्याच्या पिशवीने भाजतं, आणि कळतच नाही. बारीक रक्तवाहिन्याही अरुंद होत असल्याने भरून येणारं रक्त कमी पोहोचतं. दोन आठवड्यांत लहान व्हायला न लागलेली पायाची जखम घरी ठेवायची नाही.

रोज रात्री पाय पुसताना बोटांच्या बेचक्या आणि तळवा बघा, आरशात किंवा मुलांकडून. कुरूप ब्लेडने कापू नका. अनवाणी शेतात आणि देवळातही नको. देवळात जाडसर सुती मोजे घाला. कोल्हापुरी चपलेबद्दल सांगताना जिवावर येतं, कारण अथणी-निपाणी भागात कितीतरी घरं त्या कामावर चालतात. पण ज्याच्या पायाला संवेदना नाही त्याने अंगठ्याची कडक चामड्याची चप्पल घालू नये. मऊ तळाची, मागून पट्टा असलेली घ्यावी. जखमेवर भार पडत राहिला तर जगातली कुठलीही पट्टी तिला भरू शकत नाही. चालणं कमी करा किंवा डॉक्टरांकडून भार काढणारी पादत्राणं करून घ्या.

10. आई अंथरुणाला खिळली आहे. माकडहाडावर लाल डाग पडलाय. पावडर लावून चोळू का?

चोळू नका. बोटाने दाबून बघा. दाब काढल्यावर लाली क्षणभर पांढरी होऊन परत लाल झाली तर अजून वेळ गेलेली नाही. पांढरी झालीच नाही तर आतलं मांस दुखावलं आहे, वर कातडी शाबूत असली तरी. चोळण्याने ते आणखी फाटतं.

दर दोन तासांनी कूस बदला. रात्री कोण, दुपारी कोण, हे घरात ठरवून भिंतीवर लिहा, नाहीतर सगळं एकाच सुनेवर पडतं आणि तिची कंबर जाते. सरकवताना ओढू नका, खाली चादर दुमडून दोघांनी उचला. टाचांखाली नाही तर पोटरीखाली उशी द्या म्हणजे टाच अधांतरी राहते. मध्ये भोक असलेली रबरी रिंग वापरू नका, कडेच्या दाबाने रक्त अडतं. हवेची गादी चांगली, पण ती आणली म्हणून कूस बदलणं सुटत नाही. लघवी-संडासची ओल लगेच पुसा. खाण्यासाठी प्रश्न 7.

11. गुऱ्हाळात उकळता रस अंगावर उडाला. टूथपेस्ट, शाई, बर्फ?

यांतलं काही नाही. भाजलेला भाग 20 मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. घड्याळ लावून 20 मिनिटं, कारण रस आणि काकवी चिकटून राहतात आणि भाजतच राहतात. चिकटलेला गूळ किंवा कापड सोलू नका. बांगड्या, अंगठ्या, जोडवी सूज यायच्या आत काढा. मग स्वच्छ, न चिकटणारं कापड सैल टाका. फोड फोडू नका. लहान मूल असेल तर बाकीचं अंग झाकून उबदार ठेवा.

रोग्याचा स्वतःचा बोटांसह तळहात म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण 1 टक्का. मोठ्या माणसाचं 15 टक्क्यांहून आणि मुलाचं 10 टक्क्यांहून जास्त भाजलं असेल तर सलाइन लागतंच, कारण भाजलेल्या भागातून पाणी झिरपून काही तासांनी शॉक येतो. सुरुवातीला माणूस बोलत-चालत असतो आणि घरचे निर्धास्त होतात. चेहरा, हात, जननेंद्रिय, सांधे भाजले असतील तर टक्के न मोजता रुग्णालय.

12. शॉक म्हणजे मनाला बसलेला धक्का का? की करंट?

दोन्ही नाही. इथे शॉक म्हणजे शरीरातल्या पेशींना पुरेसं रक्त, म्हणजेच पुरेसा प्राणवायू न मिळणं. रक्त वाहून गेलं, उलट्या-जुलाबांनी पाणी संपलं, हृदयाचा पंप कमजोर झाला, संसर्गाने किंवा अॅलर्जीने रक्तवाहिन्या सैल पडल्या, किंवा हृदयाभोवती, छातीत अडथळा आला, तर ही स्थिती येते.

हिडकल धरणातून पाणी कमी सुटलं की कालव्याच्या शेपटाकडची शेतं आधी कोरडी पडतात. शरीर हेच मुद्दाम करतं. मेंदू आणि हृदय जगवण्यासाठी कातडी, आतडी आणि किडनीकडचं रक्त तोडतं. म्हणून हातपाय गार आणि घामेजलेले, चेहरा फिकट, लघवी कमी, नाडी जलद आणि बारीक, तहान, अस्वस्थपणा ही लक्षणं दिसतात. ‘मला गुदमरल्यासारखं होतंय, उठून बसू दे’ असं म्हणत तळमळणारा रोगी हट्टी नसतो. त्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडत असतो.

13. रक्ताची धार लागली आहे. कसं थांबवू? वर दोरी बांधू का?

जखमेवरच, सरळ, जोरात दाबा. स्वच्छ टॉवेल, ओढणी, काही नसेल तर हात. मिळालं तर प्लास्टिकची पिशवी हातात चढवा. 10 मिनिटं अजिबात उचलून बघायचं नाही. प्रत्येक वेळी बघताना धरलेली गाठ सुटते. कापड भिजलं तर त्याच्यावर दुसरं ठेवा आणि आणखी जोरात दाबा. कोयता, लोखंडी सळी, काच आत रुतली असेल तर उपसू नका. दोन्ही बाजूंनी कापडाच्या वळकट्या लावून ती हलणार नाही असं बांधा.

हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल आणि जीव जायची वेळ असेल तरच टूर्निकेट. जखमेच्या वर 5-7 सेंटिमीटरवर, सांध्यावर नाही, रुंद पट्टीने. सुतळी किंवा तार नको, ती मांसात शिरते. काडी घालून रक्त थांबेपर्यंत पिळा, बांधल्याची वेळ लिहा आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत सैल करू नका. अर्धवट आवळलेली पट्टी सर्वात वाईट, कारण रक्त आत येत राहतं, परत जात नाही आणि जखम जास्तच वाहते.

साप चावल्यावर मात्र हे काहीही बांधायचं नाही. प्रश्न 20 बघा.

14. 108 येईपर्यंत रोग्याला कसं ठेवू? पाणी मागतोय, दोन घोट देऊ का?

सपाट झोपवा. पाय थोडे वर केले तर थोडा वेळ मदत होऊ शकते, पण मांडी, कंबर, पाठ मोडल्याची शंका असेल तर नाही. छातीत दुखून दम लागलेल्याला झोपवू नका, टेकून बसू द्या. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपली असेल पण श्वास चालू असेल तर कुशीवर. श्वासच बंद पडला तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा जोरात दाबायला सुरुवात करा.

ओले कपडे काढून घोंगडं किंवा चादर पांघरा, खालीही घाला. शरीर गार पडलं की रक्त गोठत नाही. गरम पिशवी नको. पाणी, सरबत, चहा देऊ नका: ऑपरेशन लागू शकतं आणि अर्धवट शुद्धीत पाणी श्वासनलिकेत जातं. तहानेने जीव कासावीस झालेल्या आपल्या माणसाला पाणी नाकारणं फार कठीण असतं. ओल्या कापडाने ओठ पुसा, हात धरून बसा, बोलत राहा. जुलाब होऊनही पूर्ण शुद्धीत असलेल्याला मात्र ओआरएस जरूर द्या. तिथे न देण्यानेच शॉक येतो.

15. बीपी मोजलं तर 110 आहे. म्हणजे शॉक नाही ना?

हा आकडा बघून निर्धास्त झालेली माणसं मी फार बघितली आहेत, म्हणून ठासून सांगते: बीपी सर्वात शेवटी पडतं. 60 किलोच्या माणसात सव्वाचार लिटरच्या आसपास रक्त असतं. त्यातलं सव्वा लिटर जाईपर्यंत वरचा आकडा टिकून राहू शकतो, कारण रक्तवाहिन्या आवळून शरीर तो धरून ठेवतं. त्याआधी नाडी 100 च्या वर जाते, श्वास वाढतो, हात गार पडतात आणि दोन आकड्यांतलं अंतर कमी होतं, उदाहरणार्थ 110/90.

नख पाच सेकंद दाबून सोडा. गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. खानापूरच्या थंडीत पहाटे ही चाचणी फसवी ठरते, तेव्हा छातीच्या हाडावर दाबून बघा. लहान मुलांचं बीपी तर शेवटपर्यंत टिकतं आणि मग एकदम कोसळतं. मेटोप्रोलॉल किंवा अॅटेनोलॉलसारख्या गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची नाडी शॉकमध्येही वाढत नाही. नेहमी 160 असणाऱ्याला 110 म्हणजे खूप कमी झालं. रोज घ्यायच्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या ती यासाठी.

16. रक्त कुठेच दिसत नाही. तरी शॉक येऊ शकतो?

हो. ट्रॅक्टर-ट्रॉलीखाली दबलेल्याच्या पोटात, मोडलेल्या मांडीत, कंबरेच्या हाडात लिटरभर रक्त साठू शकतं. पोट घट्ट होणं, खांद्यात दुखणं, वाढती मरगळ बघा. पाळी चुकलेल्या बाईला अचानक पोटात दुखून चक्कर आली तर गर्भ नळीत फुटल्याची शक्यता धरून लगेच न्या, रक्तस्राव थोडा असला किंवा नसला तरी. बाळंतपणानंतर अर्ध्या लिटरहून जास्त रक्त जाणं हीही तातडीचीच गोष्ट. काळी, डांबरासारखी संडास होत असेल तर रक्त आतड्यात चाललं आहे.

17. जखम लहानच आहे, पण आबा तापाने बडबडतात, लघवी सकाळपासून झाली नाही.

लगेच रुग्णालयात. संसर्ग रक्तात पसरल्याची ही चिन्हं आहेत. यात सुरुवातीला हातपाय गार नसून गरम, लालसर असू शकतात, त्यामुळे शॉक वाटत नाही. म्हाताऱ्या माणसाला ताप येतोच असंही नाही, कधी अंग उलट गार पडतं. वेगळं वागणं, भलतंच बोलणं, जलद श्वास हे पुरेसं आहे. शॉक आला असेल तर अँटिबायोटिक पहिल्या तासात जायला हवं, म्हणून दारात पोहोचताच ‘जखम आहे, ताप आहे, लघवी बंद आहे’ हे एका दमात सांगा.

18. (नर्सिंगच्या मुलींकडून) सगळ्याच शॉकमध्ये सलाइन जोरात सोडायचं का?

नाही. रक्त किंवा पाणी कमी झालं असेल तर हो, पण रक्त गेलेल्याला शेवटी रक्तच द्यावं लागतं. नुसत्या सलाइनने उरलेलं रक्त पातळ होतं. त्यासाठी निळी 22 नंबरची सुई अगदीच बारीक. हिरवी 18 किंवा राखी 16, दोन्ही हातांत एकेक. रक्तस्राव आवरणारं ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड दुखापतीनंतर तीन तासांच्या आत दिलं तरच फायदा, नंतर नुकसान होऊ शकतं.

हृदयविकाराच्या शॉकमध्ये जास्त सलाइनने फुफ्फुसात पाणी भरतं, म्हणून थोडं थोडं, छाती ऐकत. गांधीलमाशी, औषध, खाण्याच्या अॅलर्जीने घसा सुजून बीपी पडलं तर पहिलं औषध अॅड्रेनालिन: मोठ्या माणसाला 1:1000 चं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, डॉक्टरांच्या आदेशाने किंवा रुग्णालयाच्या ठरलेल्या पद्धतीप्रमाणे. गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा. आधी अॅव्हिल (अॅलर्जीचं नेहमीचं इंजेक्शन) आणि स्टेरॉइड भरत बसण्यात वेळ जातो.

19. वॉर्डात शॉकच्या रोग्याजवळ उभं असताना नक्की काय बघायचं?

मॉनिटर बघाच, पण हात रोग्याच्या अंगावर ठेवा. गुडघा गार आहे का, पोटरीपर्यंत गारवा चढतोय का, नाव विचारल्यावर कसं उत्तर देतो. लघवीची पिशवी तासाला मोजायची. दर किलोला तासाला अर्धा मिली, म्हणजे 60 किलोला 30 मिलीच्या खाली सलग दोन तास गेलं तर कळवायचं, सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही. नाडी भागिले वरचं बीपी हे गुणोत्तर 0.9 च्या पुढे गेलं तर सावध. एका आकड्यापेक्षा तीन नोंदींची दिशा जास्त सांगते. आणि ‘सिस्टर, मला काहीतरी होतंय’ हे वाक्य वेळेसह चार्टवर लिहा.

शॉकमधून सावरलेल्या रोग्याची माकडहाड आणि टाचा विसरू नका. कातडीचं रक्त तोडलेलं असतं, त्यामुळे काही तासांतच दाबाची जखम सुरू होते (प्रश्न 10).

20. कुत्रा चावला, साप चावला, तिथेही हेच नियम?

कुत्र्याच्या चाव्याला साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुणं हाच पहिला उपचार. मिरची, तेल, चुना नको, घट्ट पट्टी नको, शक्यतो लगेच टाके नकोत. दातांनी कातडी फोडली असेल तर लशीबरोबर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन लागतं.

साप चावल्यावर कापणं, चोखणं, आवळणं काही नाही. अंगठ्या काढा, अवयव हलू न देता चालवत न नेता वाहनात घाला. घोणस, फुरसं चावल्यावर हिरड्यांतून, लघवीतून रक्त येऊन शॉक येऊ शकतो. प्रतिविष हेच औषध आहे. कर्नाटकात 2024 पासून सर्पदंशाची नोंद सरकारकडे करणं बंधनकारक आहे, तेव्हा नोंद करणाऱ्यांना खरी माहिती द्या.

21. ऑपरेशनला आठवडा झाला. खोकताना पोटाच्या टाक्यांतून अचानक गुलाबी पाणी आलं.

हे किरकोळ समजू नका. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास असं पाणी येणं म्हणजे आतली शिवण सुटत असल्याचा इशारा असतो. गुडघे वाकवून झोपवा, निर्जंतुक गॉज सलाइनने ओलं करून झाका, तोंडाने काही देऊ नका आणि 108. आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलायचं नाही, ओलं ठेवायचं.

22. आम्ही सीमेवर राहतो. बेळगावला न्यायचं की कोल्हापूरला की गोव्याला? आणि पोलीस विचारतील का?

रक्त वाहत असेल किंवा शॉकची लक्षणं असतील तर राज्य बघू नका. जिथे लवकरात लवकर सलाइन लागेल आणि रक्त थांबेल तिथे आधी. निपाणीकरांना कोल्हापूर, कणकुंबीकरांना गोव्याची वाट, चंदगडच्या लोकांना बेळगाव सोयीचं पडतं, हे सगळं पुढच्या टप्प्यासाठी. पोहोचायच्या आत फोन करून रक्त आणि सर्जन आहे का विचारा. 108 तिन्ही राज्यांत चालतो, पण सीमेवर मोबाइल कधी पलीकडचा टॉवर पकडतो. म्हणून फोन लागताच आधी राज्य, जिल्हा, तालुका, गाव सांगा. कन्नड येत नसेल तर हिंदीत बोला, घाबरून फोन ठेवू नका.

अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला 2019 च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने संरक्षण आहे. नाव सांगायची सक्ती नाही. रस्ता अपघातात पहिल्या 7 दिवसांत दीड लाखापर्यंतच्या विनारोकड उपचारांची केंद्राची योजना 2025 पासून आहे, दाखल करतानाच विचारा.

23. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, सूचना कन्नडात, आईला दोन्ही येत नाही. काय करू?

निघण्याआधी सिस्टरांना थांबवून चार गोष्टी मराठीत लिहून घ्या: पट्टी कधी आणि कशाने बदलायची, टाके कोणत्या तारखेला, कुठल्या गोळ्या किती दिवस, आणि काय झालं तर लगेच परत यायचं. संकोच करू नका. समजावून सांगणं हा आमच्या कामाचाच भाग आहे, आणि बेळगावच्या वॉर्डांत मराठी बोलणारं कुणी ना कुणी असतंच. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो घरातल्या दोन मोबाइलवर ठेवा. जखमेचाही रोज पट्टी बदलताना एक फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. गावच्या आरोग्य केंद्रात किंवा सीमेपलीकडच्या डॉक्टरांना दाखवायची वेळ आली तर जखम लहान होतेय की मोठी, हे त्यांना त्यावरून लगेच कळतं.